पदूचा नकार

नजमा मुजावर पहिल्यांदा मगदुमांच्या घरी गेल्या, तेव्हा पदूनं त्यांचं इतकं गोड स्वागत केलं की त्या दारातच थबकल्या.

"या मॅडम. तुम्ही आलात, खूप आनंद झाला. बसा ना."

आवाज सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचा होता. स्वच्छ, किंचित हसरा. पण खिडकीजवळच्या चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मुलीचे ओठ हलले नव्हते. तिच्या मानेमागच्या उशीत बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून तो आवाज आला होता. नजमा मॅडम आधी स्पीकरकडे बघून हसल्या, आणि मग ओशाळून मुलीकडे बघून हसल्या.

पद्मजा भूपाल मगदूम. घरात सगळे पदू म्हणत. भूपाल मगदुमांचं मिरजेत ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान होतं. पदू दहावीत असताना शाळेच्या मैदानावर खो-खो खेळता खेळता कोसळली. मेंदूच्या देठात, जिथून सगळ्या शरीराला हुकूम जातात तिथे, रक्ताची गुठळी अडकली होती. वरचा मेंदू धडधाकट राहिला. पदूला सगळं ऐकू येत होतं, समजत होतं, आठवत होतं. फक्त आतून बाहेर जाणारा रस्ता तुटला होता. हात, पाय, जीभ, ओठ सगळं गेलं. उरले डोळे, तेही फक्त वर-खाली फिरणारे, आणि पापण्या. डोळे वर गेले की हो, पापण्या मिटल्या की नाही. एवढ्यावर त्या घरानं वर्षभराहून जास्त काळ काढला.

मग 'वैखरी' आलं. पुण्याच्या एका कंपनीनं ते यंत्र काढलं होतं आणि महाराष्ट्रातल्या मोजक्याच रुग्णांना ते बसवलं होतं. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा एक ठरावीक पट्टा जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. जीभ हलो वा न हलो, हुकूम सुटतोच. त्या पट्ट्यावर शल्यविशारदांनी नखाएवढी, केसाहून बारीक तारांची जाळी ठेवली होती. ती हुकूम टिपायची, यंत्र त्यांचे शब्द करायचं आणि पदूच्याच आवाजात बोलायचं. तो आवाज तिच्या आजारापूर्वीच्या, घरच्यांनी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंमधून तयार केला होता.

आता पदूला बारावीची परीक्षा बाहेरून द्यायची होती. मराठीसाठी कोणीतरी नजमा मॅडमचं नाव सुचवलं. त्या कनिष्ठ महाविद्यालयातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, आणि मुलांकडून कविता लिहून घेण्याचा त्यांचा हातखंडा गावाला ठाऊक होता.

"आता किती छान बोलती बघा," पदूची आई त्रिशलाताई कौतुकानं म्हणाल्या. "आधी आमच्यासारखंच इकडं तिकडं बोलायची. आता कसं, पुस्तकातल्यासारखं."

"आई, तू सकाळपासून दमली आहेस. जरा बस ना," स्पीकर म्हणाला.

त्रिशलाताईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि त्या खरंच बसल्या.

पहिले काही आठवडे सुरळीत गेले. पदू निबंध सांगायची, यंत्र तो पडद्यावर उमटवायचं. शुद्धलेखनाची एक चूक नाही, एक वाक्य वाकडं नाही. नजमा मॅडम वाचायच्या आणि त्यांच्या हाताला काहीच लागायचं नाही. जन्मभर त्यांनी मुलांचं लिखाण वाचलं होतं. कच्च्या मुलाच्याही निबंधात एखादी जागा अशी असते की तिथे तो मुलगा स्वतः दिसतो. पदू कुठेच दिसत नव्हती.

म्हणून त्यांनी एक दिवस कविता सांगितली. "या खोलीत तुला जे दिसतं त्याच्यावर. यमक नको, उपदेश नको. तुला दिसतं ते."

यंत्र क्षणभरही थांबलं नाही.

"खिडकीतून येतो कोवळा प्रकाश, मनात माझ्या जागते नवी आशा."

नजमा मॅडमनी पदूकडे पाहिलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. कडांतून पाणी वाहत होतं.

"आनंद झाला तिला," दारातून त्रिशलाताई म्हणाल्या. "तिच्या मनातलं बाहेर आलं ना!"

पण मिटलेले डोळे म्हणजे नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. या घरात आताशा कोणी पदूच्या डोळ्यांकडे बघत नसे. सगळे स्पीकरकडे बघून बोलत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात कायम खेळत असत तो खेळ काढला. "पदू, मला एक असा शब्द सांग जो भाषेत नाही. तू आत्ता बनवलेला. अर्थ नसला तरी चालेल."

"फुलपाखरू," स्पीकर म्हणाला.

"तो आहे गं. नसलेला सांग."

"फुलपाखरू."

पदूचे डोळे मिटले, उघडले, मिटले.

"पुन्हा प्रयत्न कर."

"फुलपाखरू. मॅडम, हा खेळ मला खूप आवडला."

पदूनं डोळे मिटून घेतले आणि तास संपेपर्यंत उघडले नाहीत.

यंत्राची तपासणी करायला कंपनीचा अभियंता हर्षल पोतनीस अधूनमधून पुण्याहून येत असे. पुढच्या फेरीला नजमा मॅडमनी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"हे यंत्र तिचं बोलणं सांगतं की स्वतःचं?"

हर्षलला प्रश्न नवा नसावा. त्यानं लॅपटॉप उघडला. "मॅडम, 'पाणी', 'बाणी', 'माणी' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात ना? मेंदूचे हुकूमही जवळजवळ सारखे. आमच्या जाळीला त्यातला फरक कळतोच असं नाही. मग यंत्र अंदाज बांधतं. मराठीतली कोट्यवधी वाक्यं त्याला शिकवली आहेत. माणसं सहसा काय म्हणतात, ते त्याला पक्कं ठाऊक असतं. 'मला' नंतर 'पाणी' येणार, 'माणी' नाही."

"आणि एखादीला जे सहसा कोणी म्हणत नाही तेच म्हणायचं असेल तर?"

हर्षलनं पडदा त्यांच्याकडे वळवला. गेल्या काही महिन्यांतलं पदूचं बोलणं तिथे ओळीनं लिहिलेलं होतं. जाळीनं टिपलेली अक्षरं काळी, यंत्रानं अंदाजानं भरलेली करडी. 'आई, तू सकाळपासून दमली आहेस' या वाक्यात काळा होता फक्त 'आ'. बाकी सगळं करडं. मॅडम खाली खाली जात राहिल्या. पानंच्या पानं करडी होती.

"ती चूक दाखवू शकते," हर्षल घाईनं म्हणाला. "वाक्य चुकलं तर डोळे मिटायचे, यंत्र पुन्हा अंदाज करतं. सुरुवातीला ती सारखी मिटायची. मग घरच्यांनाच वाटलं की बोलणं अडखळतंय, तेव्हा आम्ही ती सोय मंद केली. मिटले नाहीत तर वाक्य बरोबर, असं यंत्र धरतं आणि त्यातून शिकतं."

"हे काय आहे?" मॅडमनी एका शब्दावर बोट ठेवलं. 'नक्की'. तो पानोपानी होता. मामा येऊ का भेटायला? नक्की. शाळेतल्या मुली आल्यात, आत आणू? नक्की. मंदिरात नेऊ? नक्की, आई. प्रत्येक ठिकाणी 'नक्' काळं, पुढचं करडं.

हर्षलनं लॅपटॉप अर्धवट मिटला. मग हळूच म्हणाला, "'नको' आणि 'नक्की'. सुरुवात एकच आहे, मॅडम."

नजमा मॅडमनी भूपालरावांना हे सगळं सांगितलं नाही. कवितेच्या तासापुरता यंत्राचा अंदाज कमी करून बघू, तिच्या अभ्यासाला बरं, एवढंच म्हणाल्या. भूपालराव दुकानात पाइपांची मोजणी करत होते. "करा की मॅडम. तुम्हाला योग्य वाटेल ते करा," ते म्हणाले. हर्षलनं एक छोटं उपकरण मॅडमच्या हातात दिलं. त्यावरची खूण बोटानं खाली ओढली की अंदाज कमी. ते फक्त त्यांच्याच बोटाच्या ठशावर चालणार होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी खूण तळाला नेली. स्पीकरमधून खरखर आली. मग कुणीतरी दगड ओढत आणावा तसे सुटे आवाज.

"न... क... ओ."

"नको?"

पदूचे डोळे झटकन वर गेले.

"काय नको, पदू?"

त्याला बराच वेळ लागला. "मा... मा."

मामा नको. दर रविवारी येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत, तिच्या देखत तिच्या आईला 'आता हिच्या नशिबात काय' असं विचारणारा मामा. मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

त्यानंतरच्या दुपारी कष्टाच्या होत्या. एका तासात कधी तीन शब्द यायचे, कधी एकच. तास संपला की मॅडम खूण पुन्हा वर न्यायच्या. पदूला घाम फुटायचा. जिभेला हुकूम द्यायचा म्हणजे तो ठासून द्यावा लागायचा, प्रत्येक अक्षर वेगळं, नाहीतर जाळीला कळायचं नाही. मॅडम मध्ये बोलायच्या नाहीत. शब्द अर्धा आला तर तो पुरा करायचा नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आणि तेच त्यांना सगळ्यात जड जात होतं. जन्मभराची सवय त्यांच्या जिभेवर येऊन थांबायची.

मग एके दिवशी दोन ओळी आल्या.

"पंखा दुपार ढवळालाय. कुणीच पिईना."

नजमा मॅडमनी त्या मोठ्यानं म्हटल्या, पदूला ऐकवल्या. 'ढवळालाय.' मिरजेच्या गल्लीतलं, खो-खोच्या मैदानावरचं बोलणं. ती कोसळली त्यानंतर पहिल्यांदा ते या खोलीत आलं होतं.

"हे तुझं," त्या म्हणाल्या. "हे आख्ख्या जगात दुसरं कोणी म्हणणार नाही."

पदूचे डोळे वर गेले ते खाली आलेच नाहीत. त्या दिवशी घरी जाताना नजमा मॅडम पायी गेल्या, रिक्षा करायचं त्यांना सुचलंच नाही.

महिनाभरानं पुढची कविता पुरी झाली. शेवटचा शब्द आला तेव्हा त्रिशलाताई पदूचं जेवण, नळीतून द्यायची पेज, घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते मॅडमना कळलं नाही.

"वाचा ना, मॅडम," त्या म्हणाल्या. "मला पण ऐकू दे."

मॅडमनी पदूकडे बघितलं. तिचे डोळे वर गेले. म्हणून त्यांनी वाचली.

"आई तोंड पुसती. तोंडात मी नाही. मी लई मागं हाय. तिथनं हाक मारते. हितं येईस्तोर गोड होऊन जाते ती."

त्रिशलाताईंनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे काय हे?"

नजमा मॅडमनी समजावून सांगायला हवं होतं, आधीच, भूपालरावांच्या दुकानात. आता त्यांनी सांगितलं. नखाएवढी जाळी, काळी अक्षरं, करडी अक्षरं, नको आणि नक्की. त्रिशलाताई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"ते मला नका सांगू. मी तिलाच विचारते." त्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "पदू, तू मला म्हणाली होतीस, पुढच्या जन्मी पण हीच आई पाहिजे. दिवाळीत. मी किती रडले होते, आठवतंय? ते तू म्हणालीस ना?"

खरखर. मग खूप वेळानं एकेक शब्द.

"ते... मी... नाही."

"मग दीड वर्ष माझ्याशी कोण बोलत होतं?" त्रिशलाताईंनी विचारलं. पदूला नाही, मॅडमना नाही, स्पीकरला विचारलं. आणि त्या फरशीवर तशाच बसून राहिल्या.

स्पीकरमधून पुन्हा आवाज येऊ लागला होता. पदू आणखी काहीतरी सांगत होती. "प... ण..." पण त्रिशलाताई तोंड दाबून उठल्या आणि आत निघून गेल्या. पुढचा शब्द यायला अजून कितीतरी वेळ होता. तो कोणी ऐकला नाही. नजमा मॅडमही त्यांच्यामागे आत धावल्या होत्या.

भूपालराव दुसऱ्या दिवशी दुकानात गेले नाहीत. मॅडम आल्या तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बसून होते. चिडले नव्हते. चिडले असते तर मॅडमना सोपं गेलं असतं.

"तुम्ही तास-दोन तास येता, मॅडम. आम्ही चोवीस तास असतोय हितं. वर्षभर हे घर मुकं होतं. ही बाई भिंतीशी बोलायला लागली होती. ते यंत्र आलं आणि ही पुन्हा जेवायला लागली, साडी नेसून बाहेर पडायला लागली. गोड खोटं असेल ते. मला चालतंय."

"पदूला चालत नाही, भूपालराव."

"पदू काय म्हणती ते ऐकून हिनं कालपासून पाणी घेतलं नाही." त्यांचा आवाज फुटला. "एकदा मैदानावर गेली हिची लेक. तुमच्या कवितेपायी दुसऱ्यांदा गेली. कालपासनं ते यंत्र तसंच आहे. तुमच्या बोटानं खाली आणलंय ना ते? तुमच्याच बोटानं वर न्या. अभ्यासाचं बघा, कविता नको."

आतल्या खोलीत त्रिशलाताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नजमा मॅडमना त्यांची पाठ दिसत होती. त्या नकार देऊ शकत होत्या. उपकरण पर्समध्ये टाकून निघून जाऊ शकत होत्या. पण त्या पाठीकडे बघत त्या पदूच्या खोलीत गेल्या.

"थोडे दिवस, पदू," त्या म्हणाल्या. "आई सावरेपर्यंत. मग मी पुन्हा समजावते सगळ्यांना."

पदूनं डोळे मिटले. घट्ट, कपाळाला आठ्या पडल्या असत्या इतके घट्ट, पण कपाळही आता हलत नव्हतं.

मॅडमनी बोट वर सरकवलं.

"काही हरकत नाही मॅडम," स्पीकर ताबडतोब म्हणाला. "तुम्ही जे करता ते माझ्या भल्यासाठीच आहे."

थोडे दिवस लांबत गेले. परीक्षा आली, तिचा निकाल आला, पदू विशेष श्रेणीत पास झाली. शिकवणीच संपल्यानं मॅडमचं जाणंही संपलं. दोनदा त्यांनी भूपालरावांकडे विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला आणि पावसापाण्याचं बोलून त्यांना निरोप दिला.

वर्तमानपत्रांत पदूचे फोटो आले. मग कंपनीनं तिच्या कवितांचं पुस्तक काढलं, मुखपृष्ठावर उगवता सूर्य. सांगलीच्या सभागृहात प्रकाशन झालं आणि नजमा मॅडमना पहिल्या रांगेत बसवलं. "माझ्यातली कवयित्री जागी करणाऱ्या माझ्या गुरू," असं पदूच्या आवाजानं त्यांच्याबद्दल सांगितलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मॅडम पदूच्या डोळ्यांकडे बघत होत्या. ते मिटलेले असतील, ओले असतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. ते उघडे होते. शांत, समोर लागलेले.

कार्यक्रम संपल्यावर हर्षल त्यांच्याजवळ आला. त्याच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"काळी अक्षरं जवळजवळ संपलीत, मॅडम. आम्हाला वाटायचं फक्त यंत्र शिकतंय. मेंदूही शिकतो. नुसती सुरुवात केली की वाक्य पुरं होतं, हे त्याला कळलंय. मग तो कशाला जोर लावेल? आता नुसता बोलायचा विचार आल्याची एक झुळूक येते तिच्याकडून, बाकी सगळं आमचं."

"आणि अंदाज काढून टाकला तर?"

"माहीत नाही. असं आम्ही कधी बघितलेलंच नाही."

दिवाळीनंतर एका सकाळी नजमा मॅडमच्या दारात त्रिशलाताई उभ्या होत्या. एकट्या आल्या होत्या. पाणी दिलं ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"मॅडम, ती भांडत नाही ओ."

नजमा मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"पूर्वी किती भांडायची. वेणी घट्ट घातली की भांडायची, भाजीवरनं भांडायची. जा की तिकडं, म्हणायची मला. परवा माझा हात सुटला आणि गरम पेज तिच्या पायावर सांडली. कातडी लाल झाली. तर म्हणती, 'काही हरकत नाही आई, तू मुद्दाम केलं नाहीस.' मला अंगावर काटा आला. मी तिथंच ओरडले, शिवी दे मला, म्हटलं. तर म्हणती, 'तू जगातली सर्वात चांगली आई आहेस.'" त्यांनी पेला खाली ठेवला. "मला ती पाहिजे, जी 'ते मी नाही' म्हणाली होती. ह्यांना मी सांगितलंय. तुम्ही चला."

हर्षलला बोलावलं. तो कंपनीला न विचारता, सुट्टी टाकून आला. भूपालराव त्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळेनंतरही घरी आले नाहीत. मॅडमनी खूण तळाला नेली, आणि तिघं स्पीकरकडे नाही, पदूकडे बघत बसले.

काही आलं नाही. खरखरही नाही. दूर कुठेतरी कापड सरकल्यासारखा एक आवाज, आणि मग शांतता. पडद्यावर एक बारीक रेघ वर उचलायची आणि लगेच आडवी व्हायची.

"ती वाट बघतीय," हर्षल पुटपुटला. "पुढचं यंत्र म्हणेल म्हणून."

ते आठवडाभर बसले. मग आणखी काही आठवडे. मॅडम रोज दुपारी यायच्या. त्या अक्षरं म्हणून दाखवायच्या, खो-खोच्या गोष्टी विचारायच्या, मुद्दाम चुकीचं बोलून तिला चिडवायच्या. रेघ उचलायची, पडायची. शेवटी त्रिशलाताईंनीच आठवण केली. यंत्र यायच्या आधी, अगदी सुरुवातीला, दवाखान्यातल्या एका नर्सनं त्यांना वर्णमालेची पद्धत शिकवली होती. वर्ग म्हणत जायचं: क, च, ट, त, प, मग य पासून ह पर्यंतची उरलेली अक्षरं, मग स्वर. हव्या त्या वर्गाशी पदू डोळे वर करायची. मग त्यातलं अक्षर, मग काना-मात्रा. एका शब्दाला कधी कधी अख्खी सकाळ जायची.

"त्यात यंत्र नाही, अंदाज नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धग आली होती. "डोळे तिचेच आहेत."

हर्षलही पुन्हा पुण्याहून आला होता. त्रिशलाताई खुर्चीसमोर बसल्या. मॅडमनी विचारलं, "पदू, आत्ता, या घडीला, तुला आत काय वाटतंय? घाई नाही. कितीही वेळ लागू दे."

त्रिशलाताई वर्ग म्हणू लागल्या. पदूचे डोळे एका ठिकाणी वर गेले. आला स. मग र. मग व. मॅडम कागदावर उतरवत होत्या. वाहनांचे आवाज येत होते, खिडकीतून ऊन सरकत भिंतीवर गेलं. कोणी उठलं नाही. पदूला घाम आला होता. तो त्रिशलाताईंनी पुसला आणि पुन्हा वर्ग म्हणायला घेतले. संध्याकाळ होता होता वाक्य पुरं झालं.

मॅडमनी कागद त्रिशलाताईंना दाखवला नाही. त्यांना गरज नव्हती. एकेक अक्षर त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं.

"सर्व काही छान आहे."

"सर्व म्हणत नव्हती ती," त्रिशलाताई म्हणाल्या. "कधीच नाही म्हणाली. समदं म्हणायची. मी ओरडायची तिला, नीट बोल म्हणून."

"पदू," मॅडमनी तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, "हे तुझं आहे? तुला खरंच असं वाटतंय?"

डोळे वर गेले. त्यात ओढ नव्हती, राग नव्हता. मॅडमना आठवलं, मुलं पाठ केलेलं उत्तर देताना अशीच बघतात. हर्षल उठून खिडकीशी गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. यंत्र बंद होतं. पुन्हा चालू करायला किंवा बंद करायला आता काहीच उरलं नव्हतं.

त्रिशलाताईंनी पदूचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"पदू, माझ्यावर चीड. मी तुझं ऐकलं नाही, मी आत पळून गेले. मला नाही म्हण. एकदा डोळे मीट. मी दिवसभर बसते हितं, उद्या पण बसते. एकदा तरी नाही म्हण, बाळा."

पदूनं आईकडे पाहिलं. आई काहीतरी मागतेय, हे तिला कळलं होतं. आणि तिचे डोळे, सांगितलेलं ऐकणाऱ्या शहाण्या मुलीसारखे, ताबडतोब वर गेले.